तोंडापुरतं गोड : झायलिटॉल नावाच्या साखरेची गोष्ट



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी आम्हाला एकदा प्रयोगशाळेत चांगलंच फसवलं होतं. टेबलावर दोन परीक्षानळ्या होत्या. एकीत द्राक्षाचा रस, दुसरीत घरातल्या साखरेचं पाणी. दोन्हींत बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून उकळत्या पाण्यात धरायच्या. द्राक्षाची नळी हिरवी, पिवळी होत शेवटी विटकरी लाल झाली. साखरेची नळी निळीच्या निळी राहिली. आम्ही गोंधळलो. साखरेत साखर नाही? सर म्हणाले, "नळीनं तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. तिला जो प्रश्न कळतो, त्याचं दिलंय."

बेनेडिक्टच्या द्रावणातलं तांबं शोधत असतं तो साखरेच्या रेणूचा मोकळा हात. द्राक्षातल्या ग्लुकोजला तो असतो. उसाच्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात, त्यामुळे तांब्याला काही सापडत नाही. सरांनी मग त्याच साखरेच्या पाण्यात आम्लाचे थेंब घालून ते उकळलं, हात सोडवले, आम्ल मारलं, पुन्हा चाचणी केली आणि नळी लाल करून दाखवली. पुढे चाळीस वर्षं मी जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी वर्षं दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना. पण कुठलाही शोधनिबंध हातात आला की माझ्या मनात पहिल्यांदा ती निळी नळी येते. या चाचणीला नेमका कोणता प्रश्न विचारला होता?

आजचा विषय मी निवडला तो शेजारच्या वहिनींमुळे. त्या एक पाकीट घेऊन आल्या. वर बर्चच्या पांढऱ्या बुंध्यांचं चित्र, खाली मजकूर : शंभर टक्के नैसर्गिक, मधुमेहींसाठी योग्य, दातांना हितकारक. आत पांढरे स्फटिक. पाव किलोला जी किंमत मोजली होती, तीत घरात महिन्याची साखर आली असती. "भाऊजी, हे खरं का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, वहिनी, एका वाक्यात सांगता येणार नाही. त्याचं लांबलेलं उत्तर म्हणजे हे व्याख्यान.

त्या पाकिटातल्या पदार्थाचं नाव झायलिटॉल. ग्रीक भाषेत 'झायलॉन' म्हणजे लाकूड, म्हणून आपण तिला लाकूडसाखर म्हणायला हरकत नाही. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात, हिच्यात पाच. आणि तो मोकळा हात, जो बेनेडिक्टला सापडतो, तो हायड्रोजन देऊन बंद केलेला. रसायनशास्त्रात अशा पदार्थांना शर्करा-अल्कोहोल म्हणतात. त्यात दारूचा अंशही नसतो. हे सांगावं लागतं, कारण हे नाव ऐकून एका आजींनी मला 'चतुर्थीला चालेल का' असं विचारलं होतं. उपवासाचं मी सांगू शकत नाही; नशा मात्र येणार नाही.

जर्मनीत एमिल फिशर आणि त्यांचे सहकारी रुडॉल्फ श्टाहेल यांनी ही साखर 1891 च्या सुमारास बनवली, आणि जवळपास त्याच वेळी फ्रान्समध्ये गाब्रिएल बेर्त्रां यांनीही. याच फिशरना पुढे 1902 मध्ये साखरांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पण त्यांच्या हाती आला तो पाक. त्याचे स्फटिक मिळायला दुसऱ्या महायुद्धाचा काळ उजाडला. फिनलंडमध्ये युद्धाच्या टंचाईत लोकांनी बर्च झाडांपासून साखर काढली आणि देश तगला, अशी एक गोष्ट पाकिटांवर हौसेनं छापतात. गोष्ट छान आहे. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं ते 1970 च्या दशकाच्या मध्याला, कोत्का या बंदराच्या गावी, आणि ते करणारी होती फिनलंडची साखर कंपनी.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येऊ. फुलकोबी, स्ट्रॉबेरी, आलूबुखार यांत झायलिटॉल असतं, पण इतकं थोडं की ते काढून विकणं परवडणार नाही. कारखान्यात सुरुवात होते लाकडापासून, किंवा दाणे काढून घेतल्यावर उरणाऱ्या मक्याच्या रिकाम्या कणसांपासून. आज जगातलं बहुतेक झायलिटॉल चीनमध्ये आणि कणसांपासूनच बनतं; बर्चची झाडं राहिली आहेत ती चित्रात. या कणसांत झायलान नावाचा साखरांचा गोफ असतो. सौम्य आम्लात उकळून तो उसवायचा, झायलोज मिळवायचं, ते शुद्ध करायचं, मग दाबाखाली निकेलच्या साक्षीनं त्यात हायड्रोजन घालायचा, आणि शेवटी स्फटिक पाडायचे. सरांनी साखरेचे हात सोडवायला आम्ल घातलं होतं, तीच युक्ती, फक्त टाकी मोठी. यात वाईट काही नाही. आपली पांढरी साखरसुद्धा चुना आणि गंधकाच्या धुरातून जाऊनच पांढरी होते. पण मग एकीला 'केमिकलची' आणि दुसरीला 'नैसर्गिक' म्हणायचं कारण नाही.

जाता जाता एक. आपण कृष्णाकाठची माणसं. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात बगॅसचे डोंगर लागतात. त्या बगॅसमध्ये साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज असतं आणि त्यातलं बरंचसं झायलानच. म्हणजे ज्या उसाची साखर आपण काढून घेतो, त्याच्याच चोथ्यात ही दुसरी साखर गुंफलेली आहे. ती आपण बॉयलरमध्ये जाळतो आणि वीज करतो. ते शहाणपणाचं की नुकसानीचं, हा हिशोब साखर कारखान्यांच्या संचालकांनी करावा. काही संचालक समोर बसलेले दिसतात.

असो. आता पाकिटातली एक चमचा साखर तोंडात टाकू आणि ती शरीरात जिथे जिथे जाते, तिच्या मागोमाग जाऊ. जिभेवर पहिली गोष्ट जाणवते ती गारवा. हे स्फटिक विरघळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतात, म्हणून जीभ खरोखर थंड पडते. गोडी जवळपास उसाच्या साखरेइतकीच, मागून कडवटपणा नाही. चहात फरक कळणार नाही. लाडवात मात्र तो गारवा विचित्र लागतो. आमच्या घरी बेसनाच्या लाडवांवर हा प्रयोग झाला आणि लाडू विक्स घातल्यासारखे लागतात, असा नातवानं निकाल दिला.

दातांवर आपल्याला जास्त वेळ थांबायचंय, कारण या साखरेचं खरं घर तेच.

दात कसे किडतात, हे कळायला माणसानं एक लाजिरवाणी किंमत मोजली आहे. 1940 च्या दशकात स्वीडनमध्ये लुंड गावाजवळच्या विपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्णांना ठेवत. दात किडण्याचं कारण शोधायला त्यांच्यातल्या काहींना मुद्दाम दाताला चिकटणारी टॉफी देण्यात आली, दोन जेवणांच्या मधल्या वेळात, महिनोन् महिने. त्यांचे दात भराभर किडले. किती साखर खाता यापेक्षा ती किती वेळा खाता आणि दाताला किती चिकटून राहते हे महत्त्वाचं, हे जगाला तिथून कळलं. ज्यांच्या तोंडावर हे लिहिलं गेलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. स्वीडिश मुलांना खाऊ फक्त शनिवारी, ही तिथली पुढची प्रथा याच ज्ञानातून आली.

किडीचा मुख्य आरोपी स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू. लंडनमध्ये क्लार्क नावाच्या संशोधकानं 1924 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो साखर खातो, आम्ल सोडतो. दाताजवळची आम्लता वाढून पीएच साडेपाचच्या खाली उतरला की इनॅमलमधलं कॅल्शियम विरघळू लागतं. लाळ ते हळूहळू भरून काढते, पण तिला सवड मिळाली तर. आपण दिवसभर चहा, बिस्किट, चिक्की, पुन्हा चहा करत राहिलो की लाळेला सवडच मिळत नाही.

या जंतूला झायलिटॉल मिळालं तर काय होतं, हे मोठं मजेशीर आहे. फ्रुक्टोज आत घेण्याचं त्याचं जे दार आहे, त्यातूनच तो हे पाच कार्बनांचं पाहुणं आत घेतो. आत घेताना त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतो, त्यात शक्ती खर्च करतो. आणि मग त्याच्या लक्षात येतं की हे पचवायचं यंत्रच आपल्याकडे नाही. मग ते बाहेर काढायचं. पुन्हा भूक, पुन्हा तेच दार, पुन्हा तोच शिक्का. आम्ल तयार होत नाही आणि जंतूची कमाई मात्र खर्च होत राहते. खोट्या नाण्यांवर बाजार करणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. जंतूही हुशार, कालांतरानं हे पाहुणं आतच न घेणारे वाण तयार होतात. पण ते वाण दाताला तितके घट्ट चिकटत नाहीत, असं दिसतं.

ही यंत्रणा सविस्तर कळण्याआधीच फिनलंडमधल्या तुर्कू शहरात 1972 मध्ये एक प्रयोग सुरू झाला. प्राध्यापक आर्ये शाइनिन आणि काउको मॅकिनेन हे त्याचे सूत्रधार. 125 माणसं, तीन गट. एका गटानं नेहमीची साखर खायची, दुसऱ्यानं फ्रुक्टोज, तिसऱ्यानं झायलिटॉल, आणि ते चहापुरतं नव्हे, तर ज्या ज्या पदार्थांत साखर पडते ते सगळे झायलिटॉल घालून मुद्दाम बनवून घेतले. दोन वर्षांनी मोजदाद झाली. किडलेले, काढलेले, भरलेले दातांचे पृष्ठभाग साखरेच्या गटात माणशी सरासरी 7.2 नं वाढले होते, फ्रुक्टोजच्या गटात 3.8 नं आणि झायलिटॉलच्या गटात शून्यानं.

शून्य! असा आकडा वैद्यकात क्वचित येतो, आणि आला की माणसं भुलतात. पण सरांची नळी आठवा. इथे साखर पूर्ण काढून तिच्या जागी झायलिटॉल आलं होतं. किडीचं शून्य हे झायलिटॉल आल्याचं श्रेय, की साखर गेल्याचं? हा प्रयोग ते सांगू शकत नव्हता. त्याच मंडळींनी जोडीनं वर्षभराचा एक च्युइंगगमचा प्रयोग केला, त्यात नेहमीचा आहार तसाच ठेवून फक्त गम बदलला. तिथेही झायलिटॉलचा गट फायद्यात राहिला. पण गम चघळला की लाळ सुटते, आणि लाळ हेच दातांचं सर्वांत जुनं औषध. मग श्रेय चघळण्याचं की झायलिटॉलचं?

बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशात 1989 ते 1993 या काळात शाळेतल्या 1277 मुलांवर चाळीस महिने हेच तपासलं गेलं. साखरेचा गम, सॉर्बिटॉलचा गम, झायलिटॉलचा गम आणि गमच नाही, असे गट होते. झायलिटॉलचा गम सर्वांत चांगला ठरला. सॉर्बिटॉलच्या गमनंही फायदा झाला, पण कमी. म्हणजे थोडं श्रेय चघळण्याला, थोडं झायलिटॉलला.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो फिनलंडच्याच युलिव्हिएस्का गावातला प्रयोग. बाळ जन्मतं तेव्हा त्याला दात नसतात आणि म्यूटन्सही नसतो. तो येतो कुठून? बहुधा आईकडून. मऊ भाताचा घास गरम आहे का, म्हणून आपल्या ओठाला लावून बघणारी आई आपण घरोघर पाहिली आहे. त्या चमच्यावरून, त्या घासावरून आईचे जंतू बाळाच्या तोंडात जातात. तिथे ज्या आयांच्या तोंडात हे जंतू भरपूर होते, त्यांना निवडलं. काहींना दातांवर फ्लोराइडचा लेप, काहींना क्लोरहेक्सिडिनचा लेप आणि काहींना बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत रोज झायलिटॉलचा गम. बाळांना स्वतःला काहीच दिलं नाही. दोन वर्षांनी पाहिलं तर फ्लोराइड गटातल्या 48.5 टक्के मुलांच्या तोंडात म्यूटन्स होता, क्लोरहेक्सिडिन गटातल्या 28.6 टक्के आणि झायलिटॉल गटातल्या 9.7 टक्के. औषध आईनं घेतलं, फायदा लेकराला झाला. 2000 मध्ये हे छापून आलं, तेव्हा मी वर्गात अभ्यासक्रम बाजूला ठेवून अख्खा तास यावरच बोललो होतो.

इतकं सगळं असताना माझा सूर अजून सावध का? कारण पुढचे प्रयोग जास्त कडक झाले आणि आकडे उतरत गेले. अमेरिकेत 691 प्रौढांना, ज्यांचे दात आधीच किडके होते त्यांना, रोज पाच ग्रॅम झायलिटॉलच्या गोळ्या किंवा तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गोळ्या 33 महिने दिल्या. 2013 मध्ये निकाल आला : कीड दहा टक्के कमी, पण तो फरक योगायोगानंही पडू शकेल इतकाच. 2015 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जगभरातले निवडक दहा प्रयोग एकत्र मांडले. त्यांच्या मते थोडाफार पुरावा उरतो तो एकाच गोष्टीचा : मुलांच्या फ्लोराइड टूथपेस्टमध्ये झायलिटॉलही घातलं तर अडीच-तीन वर्षांत कीड आणखी 13 टक्क्यांनी कमी होते, आणि हाही पुरावा कच्च्या प्रतीचा. गम, गोळ्या, सरबत यांबद्दल नक्की काही म्हणता येत नाही. दुसरीकडे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं 2008 मध्ये मुलांच्या झायलिटॉल गमचा 'किडीचा धोका कमी करतो' हा दावा पुराव्याला धरून आहे असं मत दिलं होतं. दोन्ही संस्था खोटं बोलत नाहीत. एकीनं जुने गमचे प्रयोग तोलले, दुसरीनं काटा बारीक केला.

माझं मत विचाराल तर झायलिटॉल दाताला अपाय करत नाही, हे पक्कं. साखरेच्या जागी आलं तर दात वाचतात, हेही पक्कं. त्याच्या स्वतःच्या अंगात औषधी गुणही असावा, पण फ्लोराइडच्या साध्या टूथपेस्टच्या पुढे तो धाकटाच.

तोंडापासून कान एका नळीच्या अंतरावर आहे. घसा आणि मधला कान यांना जोडणारी ही नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी झाली की कान ठणकतो. औलू शहरातल्या मट्टी उहारी यांच्या चमूनं 1996 मध्ये पाळणाघरातल्या 306 मुलांना दोन महिने दिवसातून पाच वेळा गम दिला. साखरेच्या गमच्या गटात 20.8 टक्के मुलांना कानाचं दुखणं झालं, झायलिटॉलच्या गटात 12.1 टक्के. पुढच्या प्रयोगांची बेरीज केली तर निरोगी मुलांत हा धोका 30 टक्क्यांवरून साधारण 22 वर येतो. पण सर्दी झाल्यावर सुरू केलं तर उपयोग होत नाही, आणि ज्यांचे कान वारंवार फुटतात त्या मुलांनाही झालेला नाही, म्हणजे गरज ज्यांना जास्त त्यांनाच नाही. दिवसातून पाच वेळा, महिनोन् महिने, तीन वर्षांच्या पोराला गम चघळायला लावणारी आई मला दाखवा. मी तिचा इथे सत्कार करीन.

आता पोटात उतरू. आतडं झायलिटॉल पुरतं शोषून घेत नाही. उरलेलं पुढे जातं, पाणी ओढून घेतं आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्याचा वायू करतात. थोडं थोडं खाल्लं तर आतडं सरावतं. पहिल्याच दिवशी तीस-चाळीस ग्रॅमचा शिरा करून खाल्लात, तर दुसरा दिवस घरीच जाईल. आपल्याकडे अशा पदार्थांच्या वेष्टनावर जुलाबाची सूचना छापलेली असते, ती बारीक अक्षरात असली तरी थट्टा नव्हे.

मधुमेहींचा प्रश्न मोठा आहे, कारण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि या सभागृहात त्यांचे प्रतिनिधी पुष्कळ असणार. झायलिटॉलनं रक्तातली साखर फार थोडी वाढते, इन्शुलिनची मागणीही कमी. उसाच्या साखरेच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, हिच्या एका ग्रॅमला 2.4. कमी आहेत, शून्य नाहीत. आणि पेढ्यातली साखर बदलली तरी खवा तोच, करंजीतली बदलली तरी मैदा आणि तूप तेच. 'शुगर फ्री' पाटीखाली दिवाळीत जे विकलं जातं, त्याची खरी गोम तिथे आहे. मधुमेह बरा करण्याचा गुण तर या साखरेत मुळीच नाही.

रक्तात पोचल्यावर मात्र एक आश्चर्य भेटतं. ही साखर आपण खाल्ली नाही तरी आपल्या शरीरात असतेच. यकृतात ग्लुकोजपासून निघणाऱ्या एका आडवाटेवर झायलिटॉल रोज तयार होतं, काही ग्रॅम, आणि तिथेच पुढे वापरलं जातं. ही वाट सापडली ती मात्र वाट अडलेल्या माणसांमुळे. 1908 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आर्चिबाल्ड गॅरड यांनी एक व्याख्यानमाला गुंफली. व्याख्यानं नुसती ऐकून सोडून द्यायची नसतात, याचा तो पुरावा. अनुवांशिक चयापचय दोषांचं शास्त्र तिथे जन्मलं. त्यांनी सांगितलेल्या चार दोषांपैकी एक पेन्टोसूरिया. या माणसांच्या शरीरात झायल्युलोजचं झायलिटॉल करणारं एन्झाइम नसतं, त्यामुळे झायल्युलोज लघवीवाटे बाहेर पडतं. आणि झायल्युलोजला बेनेडिक्टला हवा असतो तो हात असतो. नळी लाल होते. डॉक्टर म्हणतात, मधुमेह. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी कितीतरी निरोगी माणसं मधुमेही ठरली, त्यांचं गोड तोडलं गेलं, विमे नाकारले गेले.

अमेरिकेत मार्गारेट लास्कर या बाईंनी 1930 च्या दशकात यावर एक साधी तोड काढली. ग्लुकोजला बेनेडिक्ट लाल करायला उकळतं पाणी लागतं. झायल्युलोज 55 ते 60 अंशांच्या कोमट पाण्यातही दहा मिनिटांत लाल करतं. प्रश्न तोच, पाणी थोडं गार. सर असते तर या बाईंचा फोटो त्यांनी प्रयोगशाळेत लावला असता. लास्करबाईंनी त्या कुटुंबांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या. कित्येक दशकांनी, 2011 मध्ये, मेरी-क्लेअर किंग यांच्या चमूनं त्याच नोंदींवरून त्या घरांतल्या माणसांपर्यंत पोचून दोष असलेलं जनुक शोधलं. त्या माणसांना आयुष्यभर काही झालेलं नव्हतं.

शरीरात असतं म्हणून ते कितीही चालतं, या समजाला उत्तर मिळालं ऑस्ट्रेलियात. 1960 च्या दशकात जर्मनी, जपान वगैरे देशांत झायलिटॉल सलाइनसारखं थेट शिरेतून देत. मधुमेही रुग्णाला शक्ती द्यायला बरं, असा विचार. ॲडलेडमध्ये अशा काही रुग्णांच्या मूत्रपिंडांत आणि मेंदूत ऑक्झलेटचे स्फटिक साठले, काही दगावले. 1970 मध्ये त्याची बातमी वैद्यकीय नियतकालिकात आली. तोंडानं घेताना आतडं दारवान असतं. शिरेला दारवान नसतो.

शेवटी हृदय. 2024 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकचे स्टॅन्ली हेझन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि वर्तमानपत्रांत मथळे झळकले. अमेरिका आणि युरोपातल्या तीन हजारांवर लोकांचं रक्त तपासून पुढची तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. उपाशीपोटी ज्यांच्या रक्तात झायलिटॉल सर्वांत जास्त, त्या वरच्या तिसऱ्या हिश्शात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे दीडपट. मथळ्यांनी लगेच झायलिटॉलला खुनी ठरवलं. पण आपण आत्ताच पाहिलं की शरीर ते स्वतः बनवतं. उपाशीपोटीचं झायलिटॉल खाण्यातून आलेलं असेलच असं नाही; आजारी शरीरात ती आडवाट जास्त वाहत असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असण्याची शक्यता आहे.

त्याच निबंधात दुसरा भाग आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. दहा निरोगी माणसांना तीस ग्रॅम झायलिटॉल घातलेलं पेय दिलं. अर्ध्या तासात रक्तातलं प्रमाण हजारपट झालं आणि रक्तातल्या बिंबिका, ज्या गाठ धरायचं काम करतात, त्या जास्त चटकन चिडू लागल्या. चार ते सहा तासांत झायलिटॉल पुन्हा खाली आलं. दहाच माणसं, एकच दिवस. यावरून हृदयविकाराचं भाकीत करता येत नाही. पण ही कावळ्या-फांदीची गोष्ट नाही, करून पाहिलेली आहे. आणि तीस ग्रॅम म्हणजे वाटीभर गोड पदार्थातली साखर. गमच्या एका गोळीत असतं साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून कमी.

म्हणून वहिनींना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. या साखरेचा दावा दाताच्या जितका जवळ, तितका खरा. दातापासून जितका लांब गेला, तितका तो पातळ होत जातो. जेवणानंतर एखादी गोळी चघळायची तर खुशाल चघळा. डब्यात भरून साखरेसारखी वापरू नका, आणि ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनी तर नकोच. तुमचा डॉक्टर वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका, कारण तुमचे कागद त्याच्याकडे आहेत. मुलांना रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासायला लावा आणि त्यानंतर दुधाची बाटली तोंडात देऊ नका. यातलं काहीही पाकिटात मिळत नाही.

आणखी एक, आणि हे खरं म्हणजे आधी सांगायला हवं होतं. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी नीट ऐका. आपल्या शरीरात झायलिटॉलमुळे इन्शुलिन फारसं हलत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून इन्शुलिनचा लोंढा सोडतं. वजनाच्या एका किलोमागे दशांश ग्रॅम पोटात गेलं तरी अर्ध्या-एक तासात त्याची साखर कोसळते, तो लटपटतो, झटके येतात. मात्रा वाढली तर यकृत निकामी होतं. दहा किलोच्या कुत्र्याला गमच्या दोन-तीन गोळ्या संकटात टाकू शकतात. असं घडलं तर लक्षणांची वाट न पाहता, वेष्टन बरोबर घेऊन पशुवैद्याकडे पळायचं. वेष्टनावर नाव नसेल तर 967 हा क्रमांक शोधा, तो याच साखरेचा.

वहिनींचं ते पाकीट त्यांनी मलाच देऊन टाकलं. पाऊण भरलेलं आहे. आमच्या घरी कुत्रा असल्यामुळे ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात, वर चिठ्ठी चिकटवून ठेवलं आहे.